दिवा लागायच्या आत

पत्र मी पोचायच्या आधीच टाईप होऊन पडलं होतं. लॅबच्या लेटरहेडवर नाही, कोऱ्या कागदावर. म्हणजे मीच घरून लिहून आणलं असं वाटावं. 'मी खाली सही करणार लिहून देते की, बॅकअपच्या कामात माझ्याकडून हलगर्जीपणा झाला व त्यामुळे लॅबकडील रुग्णांचे स्कॅन नष्ट झाले. यास लॅबचे मालक किंवा कर्मचारी जबाबदार नाहीत.' खाली माझं पूर्ण नाव आणि सहीसाठी रेघ. कागदावर पेन ठेवलेला, टोपण काढून.

"करून टाका मॅडम सही," मालकांचा भाचा म्हणाला. लॅबचा कारभार तोच बघतो. "मग लागा कामाले."

"आधी काम बघते."

"तुमचं काम तर पाहिलंच ना आम्ही."

मी कागद वाचला, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही त्याच्याकडे सरकवलं. त्याने ते परत माझ्याकडे सरकवलं. त्या दिवशी दिवसभर तो कागद टेबलावर असाच इकडून तिकडे होत राहिला.

ही नागपूरच्या प्रताप नगरातली दातांची लॅब. एका बंगल्याचा तळमजला. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून इथे कॅप आणि कवळ्या बनतात. मालक जुने कारागीर. मेणातून दाढ कोरताना मी त्यांना पाहिलं आहे. तशी बोटं मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाहीत, हे त्यांच्याशी वाकडं असूनही लिहिते. पूर्वी मापं प्लास्टरच्या साच्यांत राहायची, भिंतभर फळ्यांवर नुसते जबडे. मग स्कॅनर आला. आता मापाचा स्कॅन होतो, स्कॅन सर्व्हरमध्ये जातो आणि प्लास्टर फोडून टाकतात. म्हणजे सर्व्हरमधून गेलं की जबडाच गेला.

सोमवारी सकाळी सर्व्हरमधली डेटाची डिस्क टकटक वाजायला लागली आणि दुपारपर्यंत मेली. डिस्क मरतात. त्यासाठीच बॅकअप असतो, आणि तो मी मे महिन्यात लावून दिला होता. रोज संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायचं आणि पन्नासेक मिनिटांत सगळ्या स्कॅनची एक गठडी बांधून बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. रात्री लावता येत नव्हता, कारण सात वाजता जाताना मालक मेन स्विच पाडतात. शॉर्टसर्किटची भीती. इंटरनेटवर ठेवू म्हटलं तर ते म्हणाले, "आपला माल लोकाच्या घरी कायले ठेवायचा?" म्हणून बाहेरची डिस्क. ती रोज घरी घेऊन जात जा, हे मीच सांगितलं होतं. आग लागली, चोरी झाली, तर एक प्रत दुसऱ्या जागी हवी.

मंगळवारी मी नवी डिस्क बसवली आणि बॅकअप उघडायला घेतला. शनिवारची गठडी उघडेना. शुक्रवारची नाही, गुरुवारची नाही. यादीत फायली दिसत होत्या, आकारानेही भरदार होत्या, पण उघडायला गेलं की मध्येच तुटलेल्या. रोजच्या फायली दोन महिने राहतात आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेची एक जपून ठेवलेली असते. जानेवारीची तुटलेली. डिसेंबरची, नोव्हेंबरची, ऑक्टोबरची, सगळ्या तुटलेल्या. सप्टेंबरची उघडली. म्हणजे साडेचार महिन्यांचे जबडे गेले.

एक फाईल तपासायला अर्धा तास लागतो. संध्याकाळी साडेपाचला भाचा मागे येऊन उभा राहिला. "मॅडम, आटपा. दिवाबत्तीची वेळ होऊन राहिली." मी बॅग उचलून निघाले. बुधवारी आले तर हे पत्र.

आता सहीबद्दल सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल एका कागदासाठी ही बाई एवढी का अडली. माझा बाप खापरखेड्याकडे एका ठेकेदाराच्या विटांच्या कारखान्यात होता. मी सातवीत असताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आत ठेकेदाराचा मुनीम कागद घेऊन आला. बापाला वाचता येत नाही, पण सही येते. मोठेपणी कोणाकडून तरी गिरवून गिरवून शिकलेली, आणि तिचा त्याला भारी अभिमान. पलंगावर बसून त्याने ती झोकात केली. दुसरी प्रत घरी आली ती मी वाचून दाखवली, कारण घरात सगळ्यांत जास्त शिकलेली मीच होते. 'माझ्या स्वतःच्या चुकीमुळे' एवढं वाचून मी थांबले. माय म्हणाली, पुढे वाच. बाप म्हणाला, राहू दे.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. चुलत-मावस सगळे धरून. सीताबर्डीला एका इमारतीच्या दुसऱ्या माळ्यावर अर्ध्या खोलीत माझं ऑफिस आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे, पाटीवर नावापुढे डिग्री आहे. कोणाला तो तोरा वाटला तर वाटू दे.

तर बुधवारी मी पत्राकडे पाठ केली आणि सर्व्हरची नोंदवही उघडली. कोणती वस्तू कधी जोडली, कधी निघाली, काय चालू झालं, काय बंद पडलं, हे मशीन स्वतःच लिहून ठेवतं. मेली ती डेटाची डिस्क होती. नोंदवही दुसऱ्या डिस्कवर असते, ती शाबूत होती.

शनिवारचा बॅकअप साडेपाचला सुरू झाला होता. पाच वाजून एकोणसाठ मिनिटांनी 'बाहेरची डिस्क सापडत नाही' म्हणून बंद पडला. शुक्रवारी पाच अठ्ठावन्न. मागे मागे जात राहिले. जानेवारीच्या सुरुवातीला पाच एक्कावन्न. नोव्हेंबरच्या शेवटी पाच सदतीस.

"ही डिस्क संध्याकाळी कोण काढतं?" मी विचारलं.

"कोणी हात लावत नाही त्याले," भाचा म्हणाला. "काम संपलं की घरी जाते, तुम्हीच सांगितल्यावाणी."

"काम संपत नाहीये. मध्येच निघतेय."

"मग केबल लूज असन. केबल कोणी लावली? तुम्ही. डिस्क कोणी आणली? तुम्ही. आता आमच्यावर ढकलून राहिल्या."

काउंटरवर बसणाऱ्या काकू फोन कानाला लावून आमच्याकडे बघत होत्या. पलीकडे कोणी बोलत नसावं. काकू या लॅबमध्ये भाच्यापेक्षा जुन्या. डॉक्टरांचे डबे उतरवून घेणं, आवक-जावक लिहिणं, शिक्के मारणं हे त्यांचं काम.

केबल मी हलवून पाहिली. घट्ट होती. आणि ढिली केबल अशी निघत नाही. ढिली केबल कधी सकाळी निघेल, कधी दुपारी, कोणाचा धक्का लागला की. ही रोज एकदाच निघत होती, आणि आदल्या दिवशीपेक्षा अर्धा मिनिट, एक मिनिट इकडेतिकडे. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सहा वाजून तेरा मिनिटं. तिथून रोज थोडी लवकर, नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत. मग उलटी फिरून रोज थोडी उशिरा. मी नोंदवहीत आणखी मागे जाऊन मे महिना पाहिला. सहा सत्तावन्न. तोपर्यंत बॅकअप होऊन अर्धा तास झालेला.

मी या धंद्यात बरेच बिघाड पाहिले. पाल सर्व्हरच्या पंख्यात अडकलेली पाहिली, कूलरचं पाणी स्विचमध्ये गेलेलं पाहिलं. पण थंडीत लवकर आणि उन्हाळ्यात उशिरा होणारा बिघाड पाहिला नव्हता. मोबाईलवर नागपूरच्या सूर्यास्ताच्या वेळा काढल्या आणि नोंदवहीशेजारी धरल्या. रोज सूर्य बुडाला की नऊ-दहा मिनिटांनी डिस्क निघत होती.

आणखी एक गोष्ट दिसली. डिसेंबरमध्ये सलग काही दिवस डिस्क निघालीच नव्हती. सात वाजता सर्व्हर रीतसर बंद झालेला, डिस्क जागेवर. मधला रविवार सोडून मोजले तर नऊ दिवस. त्या नऊतली एकही फाईल मंगळवारी मी उघडून पाहिली नव्हती. मी शेवटच्या दिवसाची उघडायला लावली आणि अर्धा तास खुर्चीवरून हलले नाही. उघडली. आख्खी. डिसेंबरच्या विसाव्या तारखेपर्यंतचा एक एक जबडा तीत होता.

भाचा तेव्हा आत होता. मी काउंटरवर गेले. "काकू, डिसेंबरात ह्या तारखांना इथे काय वेगळं होतं?"

काकूंनी आवक वही उघडली नाही. तारखा ऐकूनच म्हणाल्या, "सुतक होतं साहेबांकडे. थोरल्या भावजय गेल्या ना त्यांच्या. दहा दिवस."

"सुतकात दिवा लावत नाहीत?"

"नाही ना वं. देवाले हात लावत नाही." मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "मले काही विचारू नको बाई आता. मले इथंच काम करायचं हाय."

मला तेवढं पुरलं होतं. सर्व्हरचं टेबल काउंटरमागच्या कोपऱ्यात आहे, आणि त्याच्या बरोब्बर वर, भिंतीतल्या फळीवर, लॅबचा देव्हारा. मे महिन्यात मी केबल टाकत होते तेव्हा भाच्याने दोनदा सांगितलं होतं, वर हात लागू देऊ नका. आणि मालकांनी, माझ्याकडे न बघता, "यांचं दिवा लागायच्या आत आटपू दे."

मला तेव्हाच समजलं होतं. बिलबुकावर माझं आडनाव छापलेलं आहे. ते वाचलं की लोकांना कळतं, आणि त्यांना कळलं हे मला कळतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरचे देव कन्हान नदीत सोडून आले. आमच्याकडे दिवाबत्तीची वेळ नसते. वाटलं तेव्हा मेणबत्ती लावतो. मी त्या दिवशी काही बोलले नाही. काम होतं, केलं, डोळ्यांसमोर पहिला बॅकअप सहा वीसला पूर्ण झालेला पाहिला आणि साडेसहाला निघून आले. नंतर तीनदा किरकोळ कामासाठी गेले, तीनदा दिवा लागायच्या आत बाहेर पडले. म्हणून दिवा लागताना तिथे काय होतं ते मी कधी पाहिलंच नाही.

चार वाजेपर्यंत डिसेंबरपर्यंतचे सगळे स्कॅन सर्व्हरवर परत आले होते. भाच्याला दाखवले. त्याने उघडून पाहिले, एक कवळी स्क्रीनवर उलटीसुलटी फिरवून पाहिली.

"मग कालपासून काहून नाटक करून राहिल्या होत्या?" तो म्हणाला. "आणि बाकीचा महिना?"

"तो नाही."

"म्हणजे सही तर लागनच." कागद पुन्हा माझ्याकडे आला. "पाच वाजता डॉक्टर येऊन राहिले. त्यांच्यासमोर करा."

डॉक्टर म्हणजे लॅबचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक. त्यांची त्या एका महिन्यातली मापं गेली होती, आणि कोणाची चूक ते लेखी दाखवा, नाहीतर काम दुसरीकडे देतो, असं त्यांनी सांगितलेलं. त्यासाठी हा कागद. मी सही केली की लॅब सुटत होती.

मी माझ्या लॅपटॉपवर लिहायला बसले. बरोबर साडेपाचला सर्व्हरवर बॅकअप आपोआप सुरू झाला. बाहेरची डिस्क टेबलावर होती, तिचा निळा दिवा लुकलुकत होता. भाचा आला.

"आटपा मॅडम. दिवाबत्तीची—"

"आज थांबते मी."

"म्हणजे?"

"डॉक्टरांसमोर सही करायची म्हणालात ना. ते अजून आले नाहीत."

तो मामांकडे आत गेला. आतून मालकांचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, पण स्वर कळला. मी खुर्ची थोडी मागे घेतली, देव्हाऱ्यापासून दूर, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की हिचा हात लागला.

डॉक्टर पावणेसहाला आले. पिकल्या केसांचे, शांत, आणि शांतपणेच चिडलेले. "माझ्या पेशंटमध्ये सत्तर वर्षांची एक म्हातारी आहे," ते मला म्हणाले. "तोंडात मापाचा ट्रे घातला की तिला ओकारी येते. मागच्या आठवड्यात चौथ्या वेळी जमलं होतं. आता पाचव्यांदा घालायचा. तिला काय सांगू?"

"आठवडाभरापूर्वीचं माप परत मिळणार नाही," मी म्हणाले. "मेलेली डिस्क मुंबईला पाठवली तर थोडंफार निघू शकतं. खात्री देत नाही."

"पायजे कायले खात्री," मालक बाहेर येत म्हणाले. "यांनी मे मध्ये पण खात्री दिली होती."

मालक आले तशा काकू उभ्या राहिल्या. भाचा भिंतीला टेकला. पत्र टेबलावर, पेन त्याच्यावर. मालक बोलायला लागले, आणि ते चांगलं बोलतात. चाळीस वर्षांत एका डॉक्टरची तक्रार नाही. हाताने काम केलं तेव्हा एक साचा हरवला नाही. पोरं कॉलेजात जाऊन चार बटणं दाबायला शिकतात आणि बोर्ड लावून बसतात. "डिग्री नावासमोर लिहिली म्हणजे माणूस हुशार होत नाही पोरी. जबाबदारी रक्तात लागते. ती कोणत्या कोट्यातून येत नाही."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. मी नाही पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सहाला एक मिनिट कमी होतं.

"तुमच्या हलगर्जीपणाने," मालक म्हणत होते, "माझं नाव खराब झालं. एवढी साधी गोष्ट, रोजचा डेटा रोज ठेवायचा, तेवढीही—" आणि बोलता बोलता त्यांनी चपला काढल्या. काकूंनी काडेपेटी पुढे केली. त्यांनी समई लावली, काडी हलवून विझवली. "—तेवढीही धड होत नाही," ते म्हणाले, त्यांचा हात खाली सर्व्हरच्या टेबलाकडे गेला, केबल उपसली, डिस्क उचलली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि देवापुढे ठेवली. तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं. जुन्या हळदीकुंकवाचे थर तिच्यावर आधीच होते. ते मी मंगळवारपासून पाहत होते आणि मला वाटत होतं दसऱ्याचे असतील.

स्क्रीनवर लाल चौकट आली. सहा वाजून दोन मिनिटं. बॅकअप अपूर्ण. बाहेरची डिस्क सापडत नाही.

मी स्क्रीन डॉक्टरांकडे वळवली. डॉक्टरांनी वाचलं. मग देव्हाऱ्यात ठेवलेली डिस्क पाहिली. मालक डोळे मिटून हात जोडून उभे होते.

"हे रोज होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," मी म्हणाले. "सुतकाचे दिवस सोडून. ते नऊ दिवस वाचले, म्हणून तुमचे डिसेंबरपर्यंतचे पेशंट वाचले."

मालकांनी डोळे उघडले. आधी त्यांना समजलं नाही. त्यांनी स्क्रीन पाहिली, मग स्वतःचा हात पाहिला. बोटाला कुंकू होतं.

"लोकांचे दात आहेत त्याच्यात," ते म्हणाले. "आमची लक्ष्मी आहे ती. देवापुढे ठेवूनच घरी नेतो मी." आणि मग आवाज चढला. "चालू असताना काढायची नाही, हे तुम्ही काहून नाही सांगितलं?"

"दिव्याच्या वेळेला मी इथे कधी होते साहेब?"

मेलेली डिस्क मुंबईला पाठवा, एवढं सांगून डॉक्टर निघाले. दारात थांबून भाच्याला म्हणाले, "ते लेखी आता नको." कोणाकडे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरांची गाडी गेल्यावर भाचा हसला. "घ्या, मॅडम. एवढीशी गोष्ट. दुपारचं लावून द्या ना मग बॅकअप, झालं. पत्राचं सोडा."

त्याने पत्र चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी ते काढलं, सरळ केलं आणि बॅगेत ठेवलं. मग माझं लिहिलेलं लॅबच्याच प्रिंटरवर दोन प्रतींत छापलं. दोन पानं होती. पहिल्या पानावर तारखांपुढे सूर्यास्त आणि डिस्क निघाल्याची वेळ, शेवटी त्या दिवशीचं सहा दोन. दुसऱ्या पानावर कारणं. बॅकअप चालू असताना डिस्क काढली जाते. बॅकअप अपूर्ण असल्याचा इशारा रोज सकाळी मॅनेजरच्या स्क्रीनवर येतो आणि तो न वाचता बंद केला जातो. हे वाचताना भाच्याच्या मानेवरची शीर उठली. त्याखाली माझं होतं. मे नंतर मी एकदाही बॅकअप उघडून पाहिला नाही, उघडून पाहायला हवा होता. इशारा माझ्याकडेही येईल असं लावायला हवं होतं, लावलं नाही. डिस्क घरी न्या सांगितलं, काम पूर्ण झाल्याची खूण कोणती ते सांगितलं नाही. ही माझी चूक.

खाली मी सही केली. दोन्ही प्रतींवर.

"एक तुमची. माझ्या प्रतीवर पोच द्या."

"आता पत्रच नको म्हटलं ना आम्ही," भाचा म्हणाला. "तर हे कायले?"

"सकाळपासून माझी सही पाहिजे होती ना तुम्हाला. ही घ्या."

"हे आम्ही घेत नाही."

"मग घेत नाही म्हणून लिहून द्या."

तो मामांकडे बघायला लागला. मालक देव्हाऱ्यापाशी स्टुलावर बसले होते, चपला अजून घातल्या नव्हत्या. डिस्क त्यांच्या मांडीवर होती. मला वाटलं ते निदान आता एखादा शब्द बोलतील, 'चूक झाली' नको, नुसतं 'हो' तरी. ते म्हणाले, "लाव वं ठप्पा. आणि जाऊ दे तिले."

काकूंनी आवकचा शिक्का मारला. नीट, चारी बाजू उमटतील असा. सही केली, तारीख घातली आणि मान वर करून घड्याळ पाहून वेळही लिहिली. ती कोणी लिहा म्हटलं नव्हतं. मग प्रत माझ्या हातात दिली.

पुढच्या महिन्यात भाच्याचा फोन आला की काम दुसऱ्याला दिलं. दुसरा कोण ते मला माहीत आहे, सीताबर्डीलाच बसतो, चांगला मुलगा आहे. डिस्क मुंबईहून परत आली तेव्हा तिच्यातून म्हातारीचं माप निघालं नाही, हे त्याच्याकडूनच कळलं. पाचव्यांदा ट्रे घालावा लागला. त्यात माझाही वाटा आहे, आणि तो मी कागदावर लिहून दिला आहे. मालक मात्र त्या मुलालाही दिवा लागायच्या आत निघा म्हणतात का, ते मी विचारलं नाही. त्याचं आडनाव चालण्यासारखं आहे.

त्या बुधवारी मात्र मी सीताबर्डीला न जाता थेट खापरखेड्याची बस पकडली. बाप अंगणात खाटेवर बसला होता. मी आधी त्यांचं चुरगळलेलं पत्र वाचून दाखवलं, मग माझी दोन पानं. तो डाव्या हाताची उरलेली बोटं गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. 'ही माझी चूक' आलं तसा त्याने हात वर केला.

"हे कायले लिहिलं?"

"खरं आहे म्हणून."

"मंग त्यायनं त्यायची लिहिली का?"

"नाही."

त्याने कागद मागितला. वाचता येत नसलेला माणूस कागद जसा धरतो तसा, दोन्ही हातांनी, जरा लांब धरला. माझी सही त्याने ओळखली. तिच्या बाजूला अंगठा फिरवत शिक्क्यापाशी आला.

"हे काय हाय?"

"पोच आहे. त्यांच्याच शिक्क्याची."

"आपल्याजोळ राहते का ही?"

"राहते."

"माह्या टायमाले असं काही असते हे कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला आणि कागद घडी न घालता माझ्याकडे परत दिला.